एकच माणूस द्राक्षात सावध आणि कांद्यात धाडसी कसा?

निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचं शिक्षण वाणिज्य शाखेचं, आता घरी परत येऊन शेतीचा हिशेब त्या बघतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जानेवारीत द्राक्षं पहिल्याच व्यापाऱ्याला ४२ रुपये किलोनं दिली. थांबलात तर जास्त मिळतील असं सगळे सांगत होते, पण ते म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. कांद्याच्या बाबतीत मात्र तेच आप्पा कुणाचं ऐकत नाहीत. एप्रिलमध्ये कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, २२० क्विंटल भरला. जुलैत क्विंटलला २,४०० चा भाव होता तेव्हा ३,००० ची वाट पाहिली. आता सप्टेंबरात १,७०० झालाय आणि १८० क्विंटल उरलाय. म्हणतात, २,४०० आल्याशिवाय चाळीला हात लावायचा नाही. जुलैत विकला असता तर सव्वा लाख जास्त आले असते हे मी वहीत मांडून दाखवलं, तर चिडून उठून गेले. वर द्राक्षाचा विमा यंदा काढायचा नाही म्हणतात, कारण तीन वर्षं हप्ता भरला आणि हाती काही आलं नाही. माणूस एकच, मग तो घाबरट आहे की जुगारी? आणि समजवायचं कसं?"

ताई, आप्पा घाबरटही नाहीत आणि जुगारीही नाहीत. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या शेतकऱ्यांच्या पीककर्जाचं, विम्याचं आणि हंगामखर्चाचं नियोजन करण्यात माझी २४ वर्षं गेली. तुम्ही वर्णन केलेला माणूस मला दर दुसऱ्या घरात भेटतो. त्याच्या वागण्यामागे एक नियम असतो, पण तो त्याला स्वतःला दिसत नाही. आधी तो नियम सांगतो आणि मग तुमच्या वहीकडे वळतो, कारण निम्मी अडचण मला त्या वहीत दिसते आहे.

माणूस पैसे मोजतो ते मनात रोवलेल्या एका खुंटीपासून. खुंटीच्या वर असला की हाती आलेलं जपतो. खुंटीच्या खाली गेला की परत वर येण्यासाठी एरवी कधी घेतली नसती अशी जोखीम घेतो. द्राक्षात आप्पांची खुंटी बहुधा झालेल्या खर्चापाशी होती. ४२ रुपये तिच्या वर होते, म्हणून ते जपले. कांद्यात खुंटी जुलै महिन्यात २,४०० वर रोवली गेली. ते पैसे घरात आलेच नव्हते, पण मनात जमा होऊन बसले होते. आता १,७०० ने विकायचं म्हणजे त्यांच्या लेखी क्विंटलमागे ७०० रुपयांचा तोटा स्वतःच्या हातानं पक्का करायचा. विकलं नाही, तर तोटा अजून झालेला नाही अशी मनाची समजूत घालता येते. आपल्या भाषेला हे दोन्ही स्वभाव फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. हातचं सोडू नये असं आपण नफ्यातल्या माणसाला सांगतो, आणि तोट्यातल्याकडे बघून म्हणतो, बुडत्याचा पाय खोलात.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे गणिताच्या रूपात मांडलं. पुढे १९९२ च्या त्यांच्या मोजणीत तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या सुमारे सव्वादोन पट भरलं. ट्वर्स्की १९९६ साली गेले, काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सव्वादोन हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. प्रयोग बदलला की तो बदलतो. पण तोटा नफ्यापेक्षा जास्त बोचतो, ही दिशा मी माझ्या कामात रोज बघतो.

त्यांचा १९८१ चा एक प्रयोग तुमच्या घरातल्या भांडणाच्या अगदी जवळचा आहे. एका साथीत ६०० लोक दगावण्याचा धोका आहे असं समजा. एका गटाला सांगितलं: पहिल्या उपायानं २०० जण नक्की वाचतील, दुसऱ्या उपायानं सगळे ६०० वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची शक्यता दोन-तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिला, खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तेच उलट शब्दांत सांगितलं: पहिल्या उपायानं ४०० जण नक्की मरतील, दुसऱ्यानं कुणीच न मरण्याची शक्यता एक-तृतीयांश, सगळे मरण्याची दोन-तृतीयांश. आता ७८ टक्के लोक दुसऱ्या, जोखमीच्या उपायाकडे गेले. ६०० मधले २०० वाचणं आणि ४०० मरणं हे एकच. बदलले ते शब्द, आणि शब्दांबरोबर खुंटी हलली.

मी हाच प्रश्न शेतकऱ्यांच्या बैठकीत बागेच्या भाषेत विचारतो. ६ एकर द्राक्षबाग आहे, डावणी रोगानं घेरलंय, हाती दोन उपाय आहेत, एक खात्रीचा आणि एक जोखमीचा. एका बैठकीत मी म्हणतो, या उपायानं २ एकर नक्की वाचेल. दुसऱ्या गावच्या बैठकीत म्हणतो, या उपायानं ४ एकर नक्की जाईल. पहिल्या गावात माना डोलतात. दुसऱ्या गावात "नक्की जाईल" हे शब्द कानावर पडताच चुळबुळ सुरू होते आणि कुणीतरी म्हणतोच, "मग एकदाचं होऊन जाऊ द्या." म्हणणारा बहुतेक वेळा बैठकीतला सगळ्यात जपून वागणारा माणूस असतो.

शिकलेल्यांचं काही वेगळं होतं असं समजू नका. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारला होता. शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात ९० टक्के रुग्ण जिवंत असतात असं सांगितलं, तेव्हा शस्त्रक्रियेकडे जास्त कल होता. १० टक्के दगावतात असं सांगितल्यावर तो लक्षणीय घटला. ज्यांना टक्केवारीची रोजची सवय आहे, त्यांचीही ही गत.

आता तुमची वही. तुम्ही लिहिलं की जुलैचा भाव २,४००, आजचा १,७००, फरक ७००, गुणिले १८०, म्हणजे १,२६,०००. गुणाकार बिनचूक आहे. पण त्या पानानं काय केलं ते बघा. आप्पांची खुंटी आधीच २,४०० वर होती, ती तुम्ही हातोड्यानं आणखी खोल ठोकली. ते पान बघितल्यावर त्यांच्यासमोर दोनच वाटा उरल्या. आपण सव्वा लाख घालवले हे मुलीसमोर कबूल करायचं, नाहीतर भाव परत येईल म्हणून थांबायचं. त्यांच्या जागी मीही दुसरी वाट धरली असती. तुम्हाला वाटलं आकडे बघून त्यांचे डोळे उघडतील, पण त्याच आकड्यांनी त्यांना चाळीला जास्त घट्ट बांधलं.

ते पान फाडू नका. त्याच्या शेजारच्या कोऱ्या पानावर जुलै महिना अजिबात न आणता हिशेब मांडा. आज १८० क्विंटल आहे. १,७०० नं ३,०६,००० रुपये येतात. दोन महिने थांबायचं म्हटलं तर घट आणि सड मिळून, समजा, १५ टक्के जाईल. तुमच्या चाळीचा आकडा तुम्हालाच जास्त ठाऊक, २२० चे १८० झालेले तुम्ही बघितले आहेत. १५ टक्के धरले तर १५३ क्विंटल राहील. म्हणजे आजचेच ३,०६,००० यायला तेव्हा २,००० भाव लागेल. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. आप्पा समजतात की १,७०० वरून भाव वर सरकला की फायदा सुरू होतो. खरं तर २,००० पर्यंत नुसती बरोबरी आहे. २,४०० आलाच तर ३,६७,२०० होतील, म्हणजे ६१,२०० जास्त. आणि १,२०० झाला तर १,८३,६००, म्हणजे १,२२,४०० कमी. हे दोनच शेवट धरले, तर थांबणं परवडायला २,४०० येण्याची शक्यता तीनात दोन असायला हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा लाल कांदा बाजारात उतरायला लागतो हे आप्पांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तीनात दोन वाटतं का, एवढंच त्यांना विचारा. आणि उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या. ते "वाटतं" म्हणाले आणि त्यामागे काही कारण असेल, म्हणजे पावसानं लाल कांद्याची रोपं गेली आहेत किंवा आसपासच्या चाळी रिकाम्या झाल्या आहेत असं काही, तर ते ऐकून घ्या. कदाचित त्यांचं बरोबर असेल.

एक प्रश्न मी अशा वेळी हमखास विचारतो. समजा तुमची चाळ रिकामी आहे आणि खिशात ३,०६,००० रुपये रोख आहेत. दोन महिन्यांनी विकण्यासाठी आज १,७०० नं १८० क्विंटल कांदा विकत घ्याल का? बहुतेक शेतकरी ताडकन म्हणतात, मी काय व्यापारी आहे का? पण न विकता ठेवणं हा तोच सौदा आहे. शेअर बाजारातले लोकही असेच वागतात. वाढलेले शेअर लवकर विकतात आणि पडलेले धरून बसतात. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ सालीच ते मांडून ठेवलंय. शेअर निदान सडत तरी नाही.

खुंटी कुठून येते त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती बऱ्याचदा बाहेरून कुणीतरी रोवलेली असते. लासलगाव किंवा पिंपळगावचे भाव येतात ते किमान, कमाल आणि सरासरी अशा तीन आकड्यांत. मोबाइलवर फिरतो तो कमाल. एखाद्या निवडक मालाच्या ट्रॅक्टरला २,४५० मिळाला की संध्याकाळपर्यंत तो तालुक्याचा भाव होऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी १,९०० मिळालेला माणूस लुटला गेल्यासारखा घरी येतो. वहीत रोज लिहायचा तर सरासरी भाव लिहा, आणि त्याखाली तुमच्या प्रतीच्या मालाला काय मिळालं असतं ते. दोन आठवड्यांत खुंटी आपोआप खाली सरकलेली दिसेल.

आता भावनांकडे येतो, कारण खुंटीनं सगळा उलगडा होत नाही. राग आणि भीती या दोन्हींना आपण वाईट भावना म्हणतो, आणि दोन्हींनी निर्णय बिघडतात असं सरसकट बोलतो. पण त्या विरुद्ध दिशांना ओढतात. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवलं की घाबरलेल्या माणसाला धोके मोठे दिसतात आणि तो खात्रीची वाट धरतो. रागावलेल्याला तेच धोके लहान दिसतात, आणि तो जोखमीकडे झुकतो. रागात आपण कुणाला तरी जबाबदार धरलेलं असतं, त्यामुळे परिस्थिती आपल्या मुठीत आहे असं वाटू लागतं. भीतीत उलट, काहीच मुठीत नाही असं वाटतं.

आपल्या जिल्ह्यानं २०२३ साली हे दोन्ही अकरा दिवसांच्या अंतरानं बघितलं. २६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारांनी निफाड भागातल्या बागा झोडपल्या. ७ डिसेंबरला कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले. त्या पंधरवड्यात मी रोज चार-पाच घरी जात होतो. एकाच ओट्यावर, एकाच माणसाकडून मी ऐकलं की राहिलेली द्राक्षं येईल त्या भावात देऊन टाका, आणि कांदा मात्र सडला तरी चालेल पण देणार नाही. गारपिटीवर रागवायला समोर कुणी नव्हतं, तिथे भीती होती. निर्यातबंदीला चेहरा होता, तिथे राग होता. राग योग्यच होता. पण बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, आणि तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. राग योग्य असला तरी त्यावरून भाव कधी सुधारेल हे कळत नाही. आप्पा कांद्याबद्दल बोलताना व्यापाऱ्याचं आणि सरकारचं नाव किती वेळा घेतात ते मोजा. सारखं येत असेल, तर तुम्ही भावाबद्दल नाही, अन्यायाबद्दल बोलत आहात. आधी तेच बोला, मनापासून बोला, आणि चाळीचा विषय दुसऱ्या दिवशी काढा.

हे मी शहाणपणानं नाही, चूक करून शिकलो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल. एका बागायतदाराचा हंगाम पूर्ण गेला होता. त्यांच्या घरी मी तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेलो, कर्ज, व्याज, मजुरीची उधारी असा सगळा हिशेब मांडला, वर "एकूण नुकसान" असं लिहिलं आणि खाली लाल शाईनं आकडा. प्रत्येक ओळ खरी होती. माणूस कागदाकडे बघत राहिला, काही बोलला नाही. आठवड्याभरात त्यांनी बाग तोडली. नऊ वर्षांची बाग. खोड, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या), मुळं सगळं शाबूत होतं, फाटलेल्या काड्या एप्रिलच्या खरड छाटणीत निघून गेल्या असत्या आणि नव्या काडीवर पुढचा हंगाम आला असता. त्या कागदावर मी काय गेलं ते लिहिलं होतं आणि काय उरलं ते लिहिलंच नव्हतं. नवीन बाग उभी करायला किती वर्षं आणि किती पैसे लागतात हेही नाही. तेव्हापासून गारपिटीनंतर दोन आठवडे मी कुणालाही बाग ठेवायची की तोडायची यावर सल्ला देत नाही. जनावरांचं, मजुरांचं, पंचनाम्याचं बघतो. तोडायचा निर्णय पंधरा दिवसांनीही घेता येतो.

भीती वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. १९९४ साली मेंदूशास्त्रज्ञ आंतोनियो दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना पत्त्यांचा एक खेळ दिला होता. काही गठ्ठ्यांत मोठे नफे आणि त्याहून मोठे तोटे होते, काहींत लहान नफे पण शेवटी फायदा. इजा झालेले रुग्ण तोट्याचे गठ्ठे उचलतच राहिले. त्यांच्या मनात धोक्याची आगाऊ धडधड उठतच नव्हती. आप्पांच्या छातीतली धडधड ही त्यांच्या चाळीस हंगामांची पुंजी आहे. ती काय सांगते ते विचारायचं, आणि मग हिशेबाला बसायचं.

विम्याचं बोलू. इथे आप्पांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते आधी मान्य करा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. तुमच्या शेतात पाऊस झाला आणि केंद्रावर ठरलेल्या पातळीइतका नोंदला गेला नाही, तर नुकसान होऊनही पैसे येत नाहीत. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवावं लागतं. तीन वर्षांत हे घडलं असेल तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे, आणि तुमचं पहिलं काम म्हणजे जुन्या पावत्या काढून गारपिटीचं संरक्षण घेतलं होतं की नाही ते बघणं.

पण "काही आलं नाही" याचा दुसरा अर्थ असा की त्या वर्षी विम्यात बसेल असं नुकसान झालंच नाही, आणि तिथे शब्दांनी घात केलाय. घरात हप्ता "गेला" किंवा "आला" या खात्यात बसलाय. फवारणी तिथे बसत नाही. डावणी येऊ नये म्हणून आप्पा छाटणीनंतर किती फवारण्या करतात? ज्या वर्षी हवामान कोरडं गेलं आणि डावणी आलीच नाही, त्या वर्षी फवारणीचे पैसे वाया गेले असं ते म्हणतात का? कुणीच म्हणत नाही. फवारणी खर्चात धरलेली असते आणि हप्ता पैजेत. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाला २०१७ साली नोबेल मिळालं, त्यात मनातली अशी वेगवेगळी खाती कशी चालतात यावरचं कामही होतं. २०२३ च्या खरिपात राज्यात १ रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा रुपया बुडाला अशी तक्रार मी एकदाही ऐकली नाही. २०२५ पासून तो बंद झाला आणि बुडालेल्या हप्त्याची भाषा परत आली. फळपिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा मुळात विमा रकमेच्या ५ टक्के आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त पडतो. तुमचा नेमका आकडा काढा आणि यंदा तो छाटणी, पेस्टिंग (छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध), फवारणी याच यादीत, त्यांच्या मधोमध लिहा. वेगळं पान देऊ नका.

शक्यता सांगताना शब्दांची काळजी घ्या. समजा तुमच्या मंडळात गारपिटीची शक्यता दर हंगामाला १० टक्के आहे. "१० टक्के" ऐकून कुणी हलत नाही. तेच "येत्या १० हंगामांत एकदा तरी सापडण्याची शक्यता ६५ टक्के" असं मांडलं की माणूस सरळ बसतो. दोन्ही एकच आहेत: ०.९ चा दहावा घात काढा, ०.३५ च्या आसपास येतो, उरले ६५. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे टक्के सोडून द्या आणि आप्पांनाच विचारा, तुमच्या चाळीस हंगामांत किती वेळा गारा आल्या? बोटांवर मोजू द्या. गेर्ड गिगेरेंझर हे जर्मन शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत की टक्क्यांपेक्षा मोजता येणारे प्रसंग माणसाला नीट कळतात. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, या बातमीनं गोदाकाठचा दुकानदार उठत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं म्हटलं की सामान हलवायला लागतो. मारुती हा आपल्या पुराचा सगळ्यांना वाचता येणारा आकडा आहे. आप्पांसाठी तसा मारुती शोधा. "त्या साली गारांनी बाग गेली तेव्हा सोसायटीचं कर्ज फिटायला किती वर्षं लागली?" हा प्रश्न कुठल्याही टक्केवारीपेक्षा लवकर पोचेल.

अशा शब्दांची ताकद उलटीही वापरली जाते, म्हणून एवढं लक्षात ठेवा: गारपिटीनंतरच्या आठवड्यात आच्छादनाचं प्लॅस्टिक विकणारे आणि फवारणीचा हंगाम आला की औषधं खपवणारे "नाही घेतलं तर इतकं जाईल" याच भाषेत बोलतात. त्यांचं प्रत्येक वाक्य घरी येऊन "घेतलं तर इतकं वाचेल, आणि त्याला इतका खर्च" असं उलटं लिहून बघा. आच्छादनाचा खर्च कदाचित योग्यही ठरेल, पण तो मे महिन्यात शांतपणे काढलेल्या हिशेबात योग्य ठरायला हवा.

वेळेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी तोडणीआधी, पैसे संपलेले असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हातात असताना तपासले. ४६४ शेतकरी होते. तोडणीआधी त्यांची विचार करण्याच्या चाचण्यांतली कामगिरी कमी भरली. माणसं तीच, बुद्धी तीच, पण पैशांच्या विवंचनेनं डोक्यातली जागा व्यापलेली. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, तुमच्या घरात आत्ता तेच दिवस आहेत. म्हणून १८० क्विंटलचा निर्णय एका झटक्यात मागू नका. तीन भाग करा. पहिले ६० क्विंटल याच आठवड्यात, १,७०० नं १,०२,००० येतील. त्यातून छाटणी, पेस्टिंग आणि पहिल्या फवारण्या निघतील, उधारीवर औषध आणावं लागणार नाही. उरलेले दोन भाग आप्पांच्या भरवशावर. त्यासाठी त्यांनीच आजच्या तारखेला एक वरचा भाव, एक खालचा भाव आणि एक शेवटची तारीख लिहून ठेवायची. खालचा भाव त्यांच्या हस्ताक्षरात हवा. भाव घसरला त्या दिवशी मुलगी बोलते आहे असं वाटलं तर ते परत उठून जातील. स्वतःचं अक्षर समोर असलं तर थांबतात. तीन भागांचं गणित म्हणून फार काही सांगता येणार नाही, भाव वर गेला तर थोडं कमी मिळेल. पण पश्चात्तापाचे तीन तुकडे होतात, आणि घरातलं बोलणं सुरू राहतं. मला ते ६० क्विंटलपेक्षा मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र करू नका. तुम्हाला हवा तो निर्णय निघेल अशाच बाजूनं आकडे मांडायचे आणि दुसरी बाजू दडवायची, हे आता तुम्हाला जमेल. आप्पांना ते आज ना उद्या कळेल, आणि मग वहीवरचा विश्वास जाईल. डाव्या पानावर "विकला तर काय येतं, काय जातं", उजव्या पानावर "ठेवला तर काय येतं, काय जातं". दोन्ही पानं एकदम उघडी ठेवून बसा.

बसायचं ते लिलाव बंद असेल त्या दिवशी, सकाळी, भावाचा मेसेज यायच्या आधी किंवा मोबाइल आत ठेवून. चाळीतून दोन पाट्या कांदा ओट्यावर आणा आणि आप्पांनाच निवडायला सांगा, चांगला एकीकडे, कोंब आलेला आणि दबलेला दुसरीकडे. दोन महिन्यांत किती घट येईल याचा अंदाज ते हातानंच सांगतील, आणि तो आकडा तुमच्या १५ टक्क्यांच्या जागी लिहा.